तोतारामची जागा

जॅझ नावाचं जे संगीत आज जगभर वाजतं, ते मुळात जळगावच्या सरकी काढायच्या जिनातून कापसाच्या गाठीत बसून गेलं, ही भिकाआबा बैसाणेची कथा पारोळ्यात सगळ्यांना पाठ होती. पटली मात्र कोणालाच नव्हती.

भिकाआबाचा पणजोबा म्हणे डफड्यावर अशी थाप मारायचा की पळसाची पानं झाडावर बसल्या बसल्या टाळ्या पिटायची. एकदा तो गाडीबरोबर जळगावला गेला, जिनाच्या आवारात कापसाच्या ढिगावर आडवा झाला, आणि झोप अशी लागली की लोकांनी त्याला कापसासकट दाबून गाठ बांधली तरी त्याचं घोरणं थांबलं नाही. जाग आली ती थेट अमेरिकेच्या धक्क्यावर. गाठ फोडली तर आत पणजोबा, आणि पणजोबाच्या पोटावर डफडं.

"आबा, अमेरिकेत कापूस उतू जातो," मदनलालशेठ म्हणत. त्यांचा सरकी-कापसाचा तीन पिढ्यांचा धंदा, त्यामुळे ही कथा त्यांना खास टोचायची. "तिथं आपली गाठ कोण नेणार?"

"लढाई चालू होती ना तिथं शेठ. ज्यांच्याकडून मारूनमुटकून कापूस पिकवत होते, ती काळी माणसं मोकळी व्हायला निघाली होती. मग वेचणार कोण, तुमचे आजोबा?"

"आणि डफड्याचं काय झालं?"

"त्यांना दिलं. म्हटला, मनं काम व्हयनं, आते तुम्ही वाजाडा."

शेठ हसून मान हलवत. मग सगळे तोताराम शिंप्याकडे बघत. कारण ही बैठक त्याच्याच दुकानात, शिलाई मशीनच्या भोवती भरायची, आणि साक्षीदारही तोच. तोताराम पायानं मशीन हाकत, तोंडातली सुई न काढता म्हणायचा, "हां. ती गाठ मी पाह्यनी शे."

त्याच्या एवढ्याशा 'हां'वर भिकाआबाची उभी हयात तरून गेली होती.

खरं तर दोघांचं नातं वाजवण्यात याच्या बरोबर उलट होतं. गावात ब्रास बँड होता तेव्हा तोताराम ट्रम्पेटवर आणि भिकाआबा क्लारनेटवर. सगळ्यांच्या लाल वर्द्या, त्यावरच्या सोनेरी दोऱ्या, तोतारामनंच शिवलेल्या. बँडात रीतच अशी की तोंड ट्रम्पेटनं फोडायचं, क्लारनेटनं मागून यायचं. भिकाआबानं जन्मात एक गाणं स्वतः सुरू केलं नव्हतं. तोताराम सवाल टाकायचा, भिकाआबा जबाब द्यायचा.

आणि त्यांचं सगळ्यात चांगलं वाजवणं लग्नात कधी झालंच नाही. ते व्हायचं लग्न उरकल्यावर. नवरी सासरी पोचली, वऱ्हाडी पांगले, बँडवाले थकून टेम्पोकडे चालू लागले, की तोताराम वर्दीचं वरचं बटण काढायचा आणि एक चाल धरायचा. ती कुठल्या सिनेमातली नव्हती. कोणी मागितलेली नव्हती. रोज वेगळी वळायची, पाय ओढत निघायची आणि मध्येच कोंबडीच्या पिल्लासारखी उड्या मारायची. तोताराम थोडं वाजवून जागा सोडायचा, त्या जागेत भिकाआबा. पुन्हा तोताराम, पुन्हा भिकाआबा. टेम्पो येईपर्यंत. बँड बंद पडून वर्द्या दुकानाच्या खुंटीवर लटकल्या, पण ती चाल दोघं दुकानात बसून वाजवत राहिले. आत स्वयंपाक करता करता बेबाबाई, तोतारामची बायको, ओरडायची, "भाकर करपाडशात तुम्ही मनी."

या चालीला जॅझ म्हणतात, हे भिकाआबाच्या नातीनं, प्रज्ञानं सांगितलं. ती जळगावला शिकत होती. सुट्टीत आली, दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलं आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय वाजवताय?"

"परतीचं वाजवतोय."

तिनं मोबाईलवर दाखवलं. अमेरिकेतलं एक शहर, मोठ्या नदीच्या काठचं. गुलामीत त्या माणसांना रविवारी एका मैदानात जमून ढोल बडवायची तेवढी मुभा. मोकळीक मिळाल्यावर बँडची जुनी पितळी वाद्यं हाती आली, तर त्यांनी मळ्यातली गाणी, देवाची गाणी आणि पलटणीचे मार्च एकाच रवीनं घुसळले. सुरांचे कागद बाजूला, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. आधी नाकं मुरडणाऱ्यांनीच मग आपल्या नाचाला वाजवायला त्यांना बोलावलं. नदीतल्या आगबोटींवर ते चढलं, तबकड्यांवर गेलं, रेडिओवर गेलं, जहाजातून मुंबईच्या बड्या हॉटेलांत उतरलं, हॉटेलातल्या वाजवणाऱ्यांच्या बोटांतून सिनेमाच्या गाण्यात शिरलं, आणि सिनेमातून पारोळ्याच्या वरातीत.

"म्हणजे पोरी, कापूस गेला आणि कापड होऊन परत आला," भिकाआबा म्हणाला.

"हां," तोताराम म्हणाला.

मग प्रज्ञानं एक अंत्ययात्रा दाखवली. मयत नेताना पुढे बँड, इतका सावकाश की एकेक पाऊल जड वाटावं. माती दिल्यावर थोडं अंतर मुकाट चालणं. मग ढोलावर एक टिपरी, आणि ट्रम्पेट असं उसळलं की माणसं छत्र्या फिरवत, रुमाल उडवत, डोळे पुसत नाचायला लागली.

तोतारामनं मशीन थांबवलं. त्यानं ते पुन्हा बघितलं. छातीत त्याला तेव्हाच घरघर लागली होती, ट्रम्पेट दोन फुंकरींत टेकवावं लागत होतं.

"भिका," तो म्हणाला, "मनं असं करजो."

"आधी मर तर खरा. मग पाहू."

"जाताना नको वाजाडू. तुना बापनी शपथ शे, माले ठाऊक शे. येताना वाजाडजो. आपलंच."

भिकाआबाला यावर एक थाप सुचली होती. ती त्यानं गिळली आणि म्हणाला, "वाजवीन."

बापाच्या शपथेची गोष्ट मात्र थाप नव्हती. भिकाआबा लहान असताना गावात कुणीही मेलं की त्याच्या बापाला बोलावणं यायचं. मढ्यापुढे उन्हात डफडं वाजवत चालायचं, आणि वरून टाकलेली शिळी भाकरी ओंजळीत झेलायची. नाही म्हणायची सोय नव्हती. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर बापानं डफडं बोरी नदीत फेकलं, आणि काठावर उभ्या केलेल्या पोराला म्हणाला, आपल्या घरातलं कोणी मढ्यापुढे पुन्हा वाजवणार नाही. वर्दी घालून, आपल्या मर्जीनं, लग्नात वाजवायला त्याची ना नव्हती. पहिलं क्लारनेट त्यानंच आणून दिलं होतं.

उन्हाळ्यात तोतारामला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. तोंडावर नळीचा मुखवटा. भिकाआबा दुपारच्या गाडीनं जायचा आणि खाटेशी बसून आसपासच्या पेशंटांना सांगायचा, "हा कोण आहे माहीत आहे का? एरंडोलच्या लग्नात यानं असा जोर लावून फुंकलं की नवरदेव घोड्यासकट उडाला, तो मारवाड्याच्या मंडपात जाऊन पडला. तिथंच त्याचं लग्न लागलं. आता चांगला संसार करतोय."

तोतारामला बोलवत नव्हतं. तो बोट वर करायचा. ते त्याचं 'हां'.

एकदा त्याची तीन बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर हलायला लागली, ट्रम्पेटच्या खटक्यांवर हलतात तशी. नर्सला वाटलं झटका येतोय. भिकाआबानं हातानं तिला थांबवलं. बोटं थांबली तेव्हा त्यानं ओठ मिटून आपला जबाब गुणगुणला. पुन्हा बोटं, पुन्हा जबाब. तेवढ्यानंही तोताराम थकला, आणि बोटं दांडीवर तशीच राहिली.

आठवड्यात तो गेला, आणि त्याला पारोळ्याला आणलं ते अँब्युलन्समधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाआबा क्लारनेटची पेटी काखेत मारून निघाला, तर दारात रविंद्र. भिकाआबाचा मुलगा, शिरपूरला कॉलेजात नोकरीला, मयतासाठी आला होता.

"आबा, पेटी कशाला?"

"वाजवायला."

"मयताला?" रविंद्रचा आवाज खाली आला. "आज्यानं डफडं नदीत टाकलं ते विसरलात? आज तुम्ही वाजवाल, उद्या चौकात म्हणतील, बघा, बैसाण्यांनी आपलं काम पुन्हा धरलं. तुम्हाला काय, तुम्ही हसून सोडून द्याल. मला ते ऐकवणार नाही."

भिकाआबा पेटी न सोडता ओट्यावर बसला.

"तुझ्या आज्याला बोलावणं यायचं," तो म्हणाला. "जावंच लागायचं, म्हणून त्यानं सोडलं. मला कोणी बोलावलेलं नाही रे. आणि मी पुढे वाजवणार नाही. येताना वाजवणार. येताना पुढे जिवंत माणसं असतात."

"लोक इतका बारीक विचार करत नाहीत."

"नसतील करत."

"आणि नाही वाजवलं तर?"

"तर तोताराम खोटा पडेल. माझ्या सगळ्या थापांना त्यानं साक्ष दिली. मी त्याला खरा शब्द असा एकच दिला."

रविंद्र ओट्यापाशी आला. मग त्यानं बापाच्या काखेतली पेटी काढून घेतली. "जाताना ही माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "जाताना तुमच्या हातात दिसायला नको."

मयत निघालं. तोतारामच्या पुतण्यानं मडकं धरलं. भिकाआबा रिकाम्या हातांनी मागून चालला. स्मशानात पुतण्यानं अग्नी दिला, लाकडं पेटली, कवटी फुटल्याचा आवाज आला आणि माणसं पाठ फिरवून चालू लागली. आता मागे बघायचं नाही, ही रीत. बोलायचंही फारसं नाही.

थोडं अंतर गेल्यावर रविंद्रनं पेटी उघडून पुढे केली. भिकाआबानं क्लारनेट जोडलं, ओठांना लावलं, छाती भरून घेतली.

आणि थांबला.

माणसं चालत होती. बाभळीखालून रस्ता वळला. भिकाआबा क्लारनेट ओठांना लावून, बोटं भोकांवर ठेवून चालत होता आणि आवाज काही येत नव्हता. रविंद्रला वाटलं, आबांना रडू कोसळतंय. तसं नव्हतं. भिकाआबा वाट बघत होता. बँडात जन्म गेला, ट्रम्पेटनं तोंड फोडल्याशिवाय त्याची फुंकर निघायची नाही, आणि ती सवय आज, इथं, त्याच्या लक्षातच आली नव्हती. आता आली. त्यानं दिलेल्या शब्दाची सुरुवातच मुळी मागे लाकडांवर होती. आणि मागे बघायचं नव्हतं.

तोतारामचा भाग आपणच वाजवावा, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. सूर माहीत होते. पण बोटं वळेनात. दुसऱ्याचं जेवण ताटावर असावं आणि आपण त्यात हात घालावा, तसं वाटलं.

मग त्यानं मनातल्या मनात तोतारामचा सवाल पूर्ण होऊ दिला. त्याच्या रोजच्या सवयीचा, मध्ये एक गिरकी घेणारा. तो संपला तिथं भिकाआबानं आपला जबाब वाजवला.

आणि थांबला. तेवढीच जागा सोडली. पुन्हा जबाब.

ते ऐकायला विचित्र होतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. सूर उडी मारल्यासारखा यायचा, चांगला खेळायचा, आणि मग नुसती चपलांची फरफर, एखादा खोकला, तारेवर घुमणारा होला. कोणी नाचलं नाही. छत्री कोणाकडे नव्हती. मदनलालशेठ पुढे चालले होते, ते रेंगाळून भिकाआबाच्या बरोबरीला आले. अशा वेळी विचारू नये हे त्यांना कळत होतं, पण जन्मभराची खोड.

"आबा, मध्ये मध्ये थांबताय का?"

भिकाआबानं क्लारनेट ओठांपासून काढलं. घाम पुसला.

"मी नाही थांबत शेठ. तोताराम दम खाई राह्यना. छाती खराब शे ना त्यानी."

शेठनी याआधी भिकाआबाची एकही थाप बिनप्रश्नाची सोडली नव्हती.

"हां," ते म्हणाले.

मग त्यांनी पुढच्या माणसांना हातानं खूण केली, आणि सगळे जरा हळू चालायला लागले.

घर आलं तेव्हा दारात पाण्याची बादली होती आणि बेबाबाई हातात कडुनिंबाची डहाळी घेऊन उभी. स्मशानातून आलेल्यांनी एक पान चावायचं आणि आपापल्या घरी जायचं. भिकाआबा शेवटी आला. दारासमोर उभं राहून त्यानं आपला शेवटचा जबाब वाजवला, तो संपवला, आणि हात पुढे केला.

बेबाबाईनं डहाळी दिली नाही. ती डहाळी तशीच धरून आत, दुकानाच्या बाजूला बघत उभी राहिली. बायकांना वाटलं, ती भान विसरली. एक जण कोपरानं तिला खुणावायला पुढे झाली.

पण भिकाआबाला कळलं. त्या चालीत शेवट ट्रम्पेटचा असायचा, लांबलचक, भाकर करपेपर्यंत चालणारा. तो किती लांब असतो हे या जगात आता दोघांनाच ठाऊक होतं. भिकाआबानं क्लारनेट खाली केलं आणि तोही उभा राहिला.

तेवढा वेळ गेल्यावर बेबाबाईनं डहाळी पुढे केली.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "व्हयनं त्यासनं."