शेऱ्याचा रकाना

बन्सी आप्पा शेवगाव तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त कोतवाल. एकतीस वर्षं त्यांनी तलाठ्याचं दप्तर सांभाळलं. कोणी जमिनीचा उतारा न्यायला आला की वहीत त्याचं नाव, गाव आणि तारीख पडल्याशिवाय आप्पा त्याला दारातून हलू देत नसत. स्वतःच्या नावावर उतारा निघावा एवढी जमीन मात्र त्यांची कधी झाली नाही, आणि त्याचं रडगाणंही त्यांनी कधी गायलं नाही.

त्यांचा मुलगा सचिन नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता यावं म्हणून त्यानं दोन वर्षं डोळे फोडून एक प्रोग्राम लिहिला आणि परदेशातल्या एका विद्यापीठाच्या मशीनवर ठेवून दिला. कोणीही घ्या, फुकट घ्या, आत कसा लिहिलाय तेही बघा. मित्रांनी त्याला खुळ्यात काढलं. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात त्याला कावीळ झाली आणि बाराव्या दिवशी तो गेला. दवाखान्यात बहिणीला, जयमालाला, पासवर्ड सांगून म्हणाला होता, "यादी बघत जा."

यादी म्हणजे, प्रोग्राम कोणत्या देशात कोणत्या तारखेला घेतला गेला ते. माणूस गेला तरी ती दर महिन्याला त्याच्या ई-मेलवर येतच राहिली. जयमाला गावातल्या शाळेत शिकवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीनं नगरला जाऊन ती सायबर कॅफेतून आदल्या महिन्याची यादी छापून आणायची. 'डाउनलोड' म्हणजे काय, हे समजावताना ती आप्पांना म्हणाली, "उतरवून घेणं." आप्पांनी त्यातून आपला शब्द बरोबर उचलला.

"म्हंजी उतारा नेला."

त्यांनी लगेच वही आखली. देश, तारीख, शेरा. मॉरिशस, नेपाळ, जर्मनी, जपान. मॉरिशस कुठं आहे हे बघायला त्यांनी शाळेतला नकाशा मागवला. सगळं लिहून झालं की एकच विचारायचे, "आन् आपला देश?"

"न्हाई, आप्पा."

"पोरानं मराठी लिव्हली, आन् मराठी मुलखातच कुनी नेईना." एवढं बोलून ते वही मिटायचे आणि पुढचं ताट सरकवून द्यायचे. पोराच्या मरणापेक्षा हे 'न्हाई' त्यांना पोखरत होतं.

फेब्रुवारीच्या यादीत भारत आला. एकच उतारा, पण आप्पांनी तो दोनदा वाचून घेतला आणि पोटभर जेवले. मार्चच्या यादीत एक, एप्रिलच्या यादीतही एक.

जूनच्या पहिल्या रविवारी जयमाला निघाली, तेव्हा आप्पांनी भारताच्या नोंदींवर बोट ठेवून वही पुढं धरली.

"सात फेब्रुवारी, सात मार्च, चार एप्रिल. ह्याच तारखांना तू नगरला गेल्ती. माज्या वहीत हाय."

जयमालाच्या पर्समध्ये प्रोग्राम उतरवून घेतलेल्या चार फ्लॉप्या होत्या. मेमधलीही त्यात होती, तिची नोंद अजून वहीत यायची होती. थाप मारायची म्हटलं तर जमलं असतं. तिला ती मारवेना.

"मीच घेत होते, आप्पा. तुमी जेवत नव्हता."

"एकतीस वर्सांत खोटी नोंद म्या एक होऊ दिली न्हाई, जया." आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. "आज घिऊ नगं. खरं काय ते कळू दे."

तिनं घेतलं नाही; आणलेल्या मेच्या यादीतली तिची चौथी नोंद तेवढी वहीत चढली. जुलैत जूनची यादी आली. कॅफेत तिनं ती वरून खाली, खालून वर वाचली आणि एसटीत अडीच तास मांडीवर धरून बसली.

घरी आप्पा चष्मा लावून तयारच होते. "आपला देश?"

"न्हाई, आप्पा."

आप्पांनी भारतापुढं लिहिलं, निरंक. दप्तरात काहीच नसलं की लिहितात तो शब्द. मग मागची पानं उलटून त्यांनी भारताच्या चारही नोंदी शोधल्या. आता खोडणार, म्हणून जयमालानं मान वळवली. पेन्सिल बराच वेळ चालत राहिली.

तिनं पाहिलं तेव्हा नोंदी जशाच्या तशा होत्या. शेऱ्याच्या रकान्यात, चारींपुढं, आप्पांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: उतारा नेणारी, सख्खी बहीण.

"ह्या खऱ्या हायती," आप्पा म्हणाले. "वाढ आता."