गाळात रुतलेलं मढं

झॉम्बींचे सिनेमे पाहून विल्फ पिलिंगला हसू यायचं, आणि त्याला हसताना पाहून नॉर्माच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा एकच वाद मिटला नव्हता.

"मेलेली माणसं शेजाऱ्याचा कान चावताहेत आणि तू दात काढतोस?"

"कान चावतात म्हणून नाही गं. बाहेर मढी दार ठोठावताहेत आणि आत ती बाई चहा गार होतोय म्हणून नवऱ्यावर खेकसते, म्हणून हसतो. अमेरिकन सिनेमात अशा वेळी बंदुका निघतात. आपली इंग्रज माणसं आधी चहाची किटली ठेवतात."

नॉर्माला ते पटत नसे. तिने तीस वर्षं बस चालवली होती. बर्फाळ उतारावर कुणी विनोद केलाच, तर त्याला ती पुढच्या थांब्यावर उतरवून देई.

म्हणूनच इंग्लंडमधल्या लँकशरच्या त्यांच्या किनाऱ्यावर असल्याच एका सिनेमाचं शूटिंग आलं आणि चाळीस स्थानिक मढी हवी आहेत अशी चिठ्ठी पबात लागली, तेव्हा विल्फने तिला न विचारताच दोघांची नावं दिली. आठवडाभर अबोला धरून शेवटी ती गेली.

नोव्हेंबरातली दुपार. किनाऱ्यापासून अर्धा मैल आत, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर चाळीस माणसं चेहऱ्याला राखाडी रंग फासून उभी होती. नॉर्माने दोन स्वेटरांवर फाटका नाइटगाऊन चढवला होता. वाळू ओळखणाऱ्या थ्रेलफॉल नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने सुरक्षित जागेच्या कडेने फांद्या रोवून ठेवल्या होत्या. "तीनच्या आत सगळे बाहेर," त्याने बजावलं होतं. "इथली भरती समोरून येत नाही. आधी पाठीमागचे ओहोळ भरतात."

तिसऱ्या वेळी तोच प्रसंग घेताना विल्फ कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून लंगडत फांद्यांच्या पलीकडे गेला. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो उपसायला जावं तर दुसराही गेला. आजूबाजूची मढी हसली. दिग्दर्शिका टॅमसिन कर्ण्यातून ओरडली, "छान! डावीकडचे आजोबा, असंच चालू द्या!"

विल्फने हात वर करून घशातून घरघर काढली. नॉर्मालाही क्षणभर हसू आलं. मग तो हळूच म्हणाला, "नॉर्मा, पाय निघत नाहीये."

त्या आवाजात नाटक नव्हतं.

थ्रेलफॉलने शिट्टी फुंकली. "सगळे किनाऱ्याकडे! त्याच्याजवळ कुणी जायचं नाही!" टॅमसिनने बचाव पथकाला फोन लावला. मढी धावत सुटली. नॉर्मा मात्र उलट दिशेला वळली. मढ्यांनी फोडायचं म्हणून आणलेलं प्लायवूडचं दार वाळूवर पडलं होतं. तिने ते ओढत नेलं, गाळावर आडवं टाकलं आणि त्यावर पोटावर झोपून सरपटत विल्फला गाठलं. तो मांडीपर्यंत रुतला होता.

"बाई, मागे या!" थ्रेलफॉल ओरडला.

"येणार नाही. काय करायचं तेवढं सांगा!"

"त्याला मागे रेलू द्या. धडपडू देऊ नका. आणि बोलता ठेवा!"

तिने त्याच्या काखेत हात घातले. मागचा ओहोळ भरू लागला होता. बिनआवाजाचं, करडं पाणी.

"इतकी घट्ट मिठी लग्नातही मारली नव्हतीस," विल्फ म्हणाला.

"तोंड बंद कर!"

"बंद केलं तर ओरडेन गं." त्याचे दात वाजत होते. "आणि एकदा ओरडायला लागलो, की थांबता येणार नाही मला."

पाण्याची पातळ जीभ दाराखाली सरकली, आणि दार किंचित उचललं गेलं. तोंडात आलं ते नॉर्मा बसमधल्या आवाजात बोलली. "मिस्टर पिलिंग, हा शेवटचा थांबा नाही. इथे उतरायचं नाही."

"ज्येष्ठांचा पास चालेल का, बाई?"

"फोटो जुळला तर. फोटोतला माणूस जिवंत दिसतोय. तुमच्यासारखा नाही."

विल्फ हसला. ती त्या हसण्याने आतून हलली आणि तिलाही हसू फुटलं, ओरडण्याइतकं मोठं. छातीवरचा दगड बाजूला सरला नाही. पण श्वास घेता येऊ लागला.

पथक आलं तेव्हा पाणी विल्फच्या कमरेच्या वर होतं. तिघेजण गाळावर सरकणाऱ्या फळ्यांवरून सरपटत आले. पुढची मुलगी त्याचा चेहरा पाहून दचकली. "काका, एवढं रक्त कुठून?"

"साखरेचा पाक आहे, पोरी. चाटून बघ."

तिने त्याच्या पायालगत लांब नळी खुपसली. नळीतल्या पाण्याच्या जोराने गाळ सैल झाला आणि उजवा पाय सुटला. डावा सुटेना. पाणी छातीला लागलं. नळी पुन्हा खुपसली, पुन्हा. विल्फने विनोद करणं थांबवलं. तो नॉर्माकडे नुसता पाहत राहिला, आणि आतापर्यंतच्या सगळ्यात तिला तीच गोष्ट सहन झाली नाही.

"बोल ना रे," ती म्हणाली. "काहीही बोल."

मग गाळाने मोठा चोखल्यासारखा आवाज केला, आणि बूट आत सोडून पाय वर आला.

किनाऱ्यावर टॅमसिन रडत माफी मागत होती. कॅमेरा बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. ती चित्रफीत पुसून टाकू का, असं तिने विचारलं. "पुसा," नॉर्मा म्हणाली. विल्फने नुसती होकारार्थी मान हलवली.

घरी येईपर्यंत त्याने अवाक्षर काढलं नाही. नॉर्माने बाथटब गरम पाण्याने भरला, त्याला आत बसवलं आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. दर थोड्या वेळाने ती विचारी, "आहेस का?"

"आहे," तो आतून म्हणे.

पाणी गार झालं असणार, तरी तिने त्याला बाहेर ये म्हटलं नाही. ती विचारत राहिली, तो सांगत राहिला.