रिकाम्या झोळीचं वजन

मी अंगणवाडीतला वजनकाटा. मुरबाड तालुक्यात, म्हशाजवळच्या एका पाड्यावर आठ वर्षं वाशाला टांगलेला आहे. माझ्या आकड्याला झोळी, झोळीत पोर आणि माझ्या तबकडीवर खिळलेले रविनाताईंचे डोळे, हेच माझं आयुष्य.

रविनाताई इथल्या सेविका. स्वतःचा डबा खायला त्या विसरतील, पण वजनाची तारीख नाही. एखादं पोर शंभर ग्रॅमनं वाढलं तरी दिवसभर गुणगुणत राहायच्या.

मदतनीस लहानीमावशी चिडवायची, "काय गो बाय, खातात पोरं आन् बाळसं तू धरतेस!"

ताईंच्या त्या हसण्याची मलाही चटक लागली. तिथंच माझं चुकलं.

पौषात कडाका पडला. उघड्या पोरांना गार लागतं म्हणून मावशीनं जत्रेतून कापड आणलं, आत जुन्या लुगड्याचे थर घातले आणि गोधडीसारखी जाड झोळी शिवली. ती अडकवली तसा मी रिकामाच चारशे ग्रॅमवर गेलो. अशा वेळी माझा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणायचं असतं. ताई ते कधी चुकवत नसत. पण त्या दिवशी नव्या झोळीच्या कौतुकात ते राहून गेलं आणि पहिल्याच पोराचं वजन बघून त्या इतक्या खुलल्या, की पुढचं पोर, त्याच्या पुढचं पोर, थांबल्याच नाहीत.

पाड्यावरची गिरजा आपल्या तान्ह्या पोरीला झोळीतून उचलत म्हणाली, "ताई, पोरगी नीट पीत नाय. सुस्त पडून असते."

"अगं, तीनशे ग्रॅम वाढलीय! काटा खोटं बोलतो का?"

ताई हसल्या. मी चारशे ग्रॅम जास्तच दाखवत राहिलो.

महिन्याभरानं दवाखान्यातल्या सिस्टर तपासणीला स्वतःचा काटा घेऊन आल्या. गिरजाची पोरगी वाढली नव्हती, घटली होती. तिला लगेच दवाखान्यात हलवलं. सगळे गेल्यावर ताईंनी माझी रिकामी झोळी तळहातावर उचलली. काटा शून्यावर आला. सोडली, तर चारशेवर. त्या तिथंच खाली बसल्या.

मग त्यांचा डबा तसाच परत जाऊ लागला. राजीनामा लिहून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

"मावशी, मला या कामाची फार हौस ना, म्हणून मी बघितलंच नाही."

"झोळी मी शिवली गो," मावशी डोळे पुसत म्हणाली.

दोघींनी दोष वाटून घेतला. माझ्या वाट्याला कुणी ठेवलाच नाही, म्हणून तो मला जास्त जड झाला.

सतरा दिवसांनी गिरजा दवाखान्यातून सुटलेल्या पोरीला घेऊन दारात उभी राहिली. "ताई, तुमीच तोला. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देयाची नाय."

ताईंनी राजीनामा फाडला. पण त्या अजूनही प्रत्येक पोराआधी मला तीनदा तपासतात. जाड झोळी आता पोरांच्या बसायला खाली अंथरलीय. मावशी डबा उघडून समोर ठेवते, "आधी जेव, मग तोल." ताई दोन घास खातात.

आज गिरजाची पोरगी खरोखरची दोनशे ग्रॅम वाढली. ताईंनी वहीत लिहिलं, मान खाली घालूनच.

ताई, वर बघा ना. झोळी रिकामी आहे आणि मी शून्यावर आहे. आता एकदा हसा.