सरकीचं सातवं घर

मित्रांनो, मी जुना आहे, पण दरवाजा म्हणून माझं वय जेमतेम एक वर्ष. त्याआधी मी एक लोखंडी पलंग होतो. तो पलंग मोडून भंगारात गेला, आणि दारव्ह्याच्या वाहिद मिस्त्रींनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात मला कापलं. त्यांनी माझी चौकट केली, लोहारा गावच्या कारखान्यातून आलेली जाड जाळी तिच्यावर ताणून बसवली, तीन बिजागऱ्या आणि बाहेरून एक भक्कम कडी लावली. वर हिरवा रंग दिला. पलंग होतो तेव्हा लोक माझ्यावर घोरत पडायचे, आता निदान ताठ उभं राहायला मिळेल, म्हणून मी खूश होतो.

मला कशासाठी बनवलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मी दारव्ह्याजवळच्या या खेड्यात, सदाशिवरावांच्या घरी आल्यावर कळलं. मला एका मांजरीसाठी बनवलं होतं.

तिचं नाव सरकी. अंगानं पांढरीशुभ्र आणि पाठीवर कापसातल्या बीसारखा एकच काळपट ठिपका, म्हणून सदाशिवरावांच्या नातीनं, अपेक्षानं, तिला हे नाव दिलं. माझ्या येण्याआधी सरकी पूर्ण मोकळी होती. वावरात जायची, कडब्याच्या गंजीवर झोपायची, शेजारच्या घरी दूध प्यायची आणि सोयाबीनच्या पोत्यांमागचे उंदीर मारायला स्वतःच्या घरी यायची. सदाशिवरावांना याचा फार अभिमान होता. पण गेल्या वर्षी तिनं गोठ्यात चार पिल्लं घातली, आणि भर दुपारी गल्लीतल्या कुत्र्यांनी ती चारही ओढून नेली. अपेक्षानं ते डोळ्यांनी पाहिलं. सातवीतली पोर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई, सदाशिवरावांची सून बबिता, वाहिद मिस्त्रींच्या दुकानात गेली.

मला बसवताना मिस्त्री म्हणाले, "बाई, बेफिकर रहा. कुत्रं त सोडाच, बिच्छू बी अंदर नाही येनार."

सदाशिवराव ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "म्हंजे मांजरीले जेल बांधला म्हना ना. मांजर कोंडली त ते मांजर कायची? उद्या तिले ताटात वाढून द्या अन् मले उंदरं माराले पाठवा."

"आबाजी, बाहीर कुत्रे हायेत," अपेक्षा म्हणाली.

"कुत्रे मी तुह्या वयाचा होतो तवाबी होते. मांजरी काय संपल्या काय?"

असा हा वाद. माझ्या एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला आजोबा आणि मधोमध मी. खरं सांगतो, तेव्हा मी नातीच्या बाजूचा होतो. मला त्यासाठीच तर घडवलं होतं. सरकी आत राहू लागली. संध्याकाळी ती माझ्या जाळीला नाक लावून बसायची आणि बाहेरची कुत्री पायरीवर येऊन हात चोळत परत जायची. शेजारीण मथुराबाई येऊन माझ्यावर हात फिरवून गेल्या. असाच दरवाजा त्यांनाही हवा होता. मी फुगलो. लोखंडालाही गर्व चढतो, मित्रांनो.

दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत मी उघडा राहिलो आणि सरकी चार दिवस गायब झाली. परत आली तेव्हा भुकेनं वखवखलेली होती. संक्रांतीच्या आसपास तिनं तीन पिल्लं घातली. आईसारखीच, कापसासारखी पांढरी.

इथून पुढचं सांगताना माझ्या बिजागऱ्या करकरतात, पण सांगतो.

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे तर सगळेच मानतात. सदाशिवराव म्हणाले, "आता तरी सोडा तिले. सात घरं फिरवल्याशिवाय पिल्लायचे डोये उघडत नाहीत."

"आन् रस्त्यात कुत्र्यानं धरलं त?" बबितानं विचारलं.

"ते तिले समजते. तुमाले समजत नाही."

अपेक्षानं ऐकलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं माझी कडी घातली. सरकी माझ्यासमोर पिल्लू तोंडात धरून उभी राहिली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. मी काही उघडलो नाही. शेवटी तिनं आपली रीत घरातल्या घरातच पुरी करायचं ठरवलं. पहिलं घर खाटेखाली, दुसरं धान्याच्या कोठीमागे, तिसरं ओट्याखाली. चौथं शिलाई मशीनच्या पायांत, पाचवं एका रिकाम्या खोक्यात. सहावं घर म्हणजे भिंतीशी रचलेल्या गोधड्यांची चवड. तिथे ती तीन दिवस राहिली आणि सगळे निश्चिंत झाले. अपेक्षानं सर्वांना बजावून सांगितलं होतं, की कोणी पिल्लं पाहायला जायचं नाही, माणसानं पाहिलं की मांजर जागा बदलते. तेही इथे सगळे मानतात. म्हणून कोणी पाहत नव्हतं. मायेपोटीच पाहत नव्हतं.

आमच्या घराला ओसरीवर उघडणाऱ्या दोन खोल्या आहेत. एकीला मी. दुसरीला लाकडी दार, आणि त्या खोलीत यंदाचा सगळा कापूस छतापर्यंत भरलेला. चांगल्या भावाची वाट पाहत कापूस घरात ठेवायची इथली पद्धतच आहे. दोन्ही खोल्यांच्या मधे एक आतलं दार आहे, ते दिवसभर उघडंच असायचं.

ज्या दिवशी कापूस विकायला जिनिंगच्या कारखान्यात न्यायचा होता, त्या सकाळी सगळे ओसरीवर चहा पीत होते. तेव्हा मी सरकीला पाहिलं. तिनं गोधड्यांमागून एक पिल्लू उचललं, मधल्या दारातून पलीकडे नेलं आणि रिकाम्या तोंडानं परत आली. मग दुसरं. मग तिसरं. कापसाच्या ढिगाच्या पार मागच्या कोपऱ्यात, मऊ, उबदार, शांत जागी. आईनं निवडलेली सगळ्यात चांगली जागा. ते तिचं सातवं घर होतं.

मी एकट्यानं पाहिलं.

तेवढ्यात कापूस न्यायची मालवाहू गाडी आली. वाहिद मिस्त्रींचा मुलगा आसिम ती चालवतो. मजूर आले, गलका सुरू झाला. गाडीच्या चाकाखाली सरकी येऊ नये म्हणून अपेक्षानं तिला मधल्या दारातून उचलून माझ्या खोलीत ठेवलं, मधलं दार लावून घेतलं, माझी कडी घातली आणि दप्तर घेऊन शाळेत निघाली. जाताना आईला सांगून गेली, "मी येईस्तोवर कडी काढू नको, आई. पिल्लं गोधड्यायमागं हायेत."

बायांनी कापूस चादरींत भरून गाठोडी बांधायला सुरुवात केली. गाठोडी गाडीत रिकामी होत होती आणि वर उभा राहून आसिम कापूस तुडवत होता. कापूस तुडवला नाही तर गाडीत मावत नाही. तो गाणं गुणगुणत तुडवत होता. बिचाऱ्याला काय माहीत!

सरकीनं आधी हाक मारली. मग मधल्या दाराला नखं मारली. मग ती माझ्याकडे आली आणि मला ओरबाडू लागली. ती माझ्या जाळीवर चढली, कडीपर्यंत पोहोचली, पण कडी बाहेरून होती. पडली, पुन्हा चढली. तिचा आवाज मांजरीचा राहिला नव्हता. मी माझ्या परीनं जेवढा खडखडता येईल तेवढा खडखडलो. मित्रांनो, तुम्हाला हात आहेत, तुम्हाला कळणार नाही. समोर सगळं दिसावं, जाळीतून आरपार दिसावं, आणि बोटभर कडी सरकवता येऊ नये!

सदाशिवरावांनी वळून पाहिलं. कधी नव्हे ते त्यांनाही माझा उपयोग पटला. म्हणाले, "गाडी पाहून भेली बिचारी. राहू द्या तिले अंदरच."

ढीग कमी होत होता. शेवटी मागच्या कोपऱ्यातला कापूस निघाला. पांढऱ्या कापसात पांढरी पिल्लं, झोपलेली. कोणाला दिसली नाहीत. शेवटचं गाठोडं माझ्या समोरून गेलं, आणि सरकी जाळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्याच्या बरोबरीनं धावली. गाठोडं गाडीत रिकामं झालं. आसिम त्यावर दोन फेऱ्या चालला, ताडपत्री बांधली आणि गाडी सुरू झाली.

पुढे किती वेळ गेला मला सांगता येत नाही. बबिता ओसरी झाडायला आली तेव्हा तिला माझ्या जाळीवर रक्त दिसलं. सरकीची दोन नखं तुटली होती. खाली फरशीवर थेंब होते, ते मात्र दुधाचे. बबिता आईच की हो. ती खाली बसली, थेंबाला बोट लावलं आणि उठून गोधड्यांकडे धावली. एक एक गोधडी तिनं फेकून दिली. मग तिची नजर नखांनी ओरबाडलेल्या मधल्या दारावर गेली.

"मामाजी!" ती ओरडली. "मामाजी, पिल्लं नाहीत! पिल्लं कापसात गेली!"

सदाशिवरावांच्या हातातली तंबाखू तशीच सांडली. त्यांनी आसिमला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. मग वाहिद मिस्त्रींना लावला. मिस्त्रींचा आवाज इतका चढला होता की मला पलीकडचंही ऐकू येत होतं. मिस्त्री म्हणाले, "मी जातो दुकान बंद करून. तुमी फोन करतच राहा." सदाशिवराव फोन करतच राहिले. सत्तरीतला माणूस, गेलं वर्षभर मला शिव्या देणारा, माझ्या चौकटीला कपाळ टेकवून म्हणत होता, "उचल रे बाप्पा, उचल."

बबितानं माझी कडी काढली. सरकी बाणासारखी सुटली, गाडी उभी होती त्या जागी गेली आणि चाकांच्या खुणांभोवती फिरत राहिली.

आसिम दुपारी परत आला, वडिलांबरोबर, त्यांच्या मोटारसायकलवर. जिनिंगमध्ये गाड्यांची रांग होती आणि त्याचा नंबर चौथा होता, म्हणून वाचलं. वाहिद मिस्त्री पोहोचल्यावर दोघांनी मिळून वरचा कापूस हातानं उकरला. मागचे गाडीवाले ओरडत होते, तरी उकरला. आसिमच्या रुमालात दोन पिल्लं होती. जिवंत होती. श्वासात कापूस गेल्यानं शिंकत होती.

"तिसरं?" बबितानं विचारलं.

आसिमनं मान वर केली नाही. "सापडलं, काकी. तिथंच गाडून आलो. माहाच पाय पडला असल त्याच्यावर. मीच तुडवला ना कापूस." आणि तो पंचवीस वर्षांचा गडी ओसरीच्या पायरीवर बसून रडला. वाहिद मिस्त्रींनी माझ्या कडीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. आपल्याच हाताचं काम त्यांना बघवलं नाही.

सरकीनं दोघांना चाटलं. मग ती आसिमकडे गेली, त्याचा रुमाल हुंगला, त्याचे रिकामे हात हुंगले.

अपेक्षा शाळेतून आली तेव्हा बबितानं तिला सगळं सांगितलं, पण कोणी तिला रागावलं नाही. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "कडी मीच लावली होती, आबाजी."

"तू तिले वाचवाले लावली होती, बेटा," सदाशिवराव म्हणाले. मग त्यांनी एक सुतळी आणली, मला पूर्ण उघडलं आणि ओसरीच्या खांबाला आवळून बांधून टाकलं. "आता हा बंद होनार नाही."

"मामाजी, कुत्रे..." बबिता म्हणाली.

"जे होईन ते होईन. कोंडनं नाही आता."

त्याला आज नऊ दिवस झाले. मी उघडा आहे. मला कोणी पुसत नाही, माझ्या जाळीवरचं रक्तही कोणी पुसलं नाही. सरकी पिल्लांना घेऊन पुन्हा खाटेखाली राहते. दार सताड उघडं आहे, पण ती बाहेर जात नाही. तिचा आता कोणावरच भरवसा नाही, ना माझ्यावर, ना बाहेरच्या जगावर.

काल दुपारी घरचे सगळे तूर सोंगायला वावरात गेले होते. तेव्हा गल्लीतलं एक मोठं तांबडं कुत्रं पायरी चढून आलं. त्यानं पुढचे दोन पाय उंबऱ्यावर ठेवले आणि आत पाहिलं. सरकी अंगावरचे सगळे केस फुलवून उभी राहिली. तुटक्या नखांनी तिनं त्याच्या नाकावर फटका मारला. ते मागे सरलं. पण त्यानं खाट पाहिली आहे, खाटेखाली काय आहे तेही पाहिलं आहे. मी त्याच्या अंगाला लागून उभा होतो, खांबाला जखडलेला. वाहिद मिस्त्रींनी बसवलेल्या तीनही बिजागऱ्या शाबूत, कडी शाबूत, आणि सुतळीपुढे माझं काही चालेना.

संध्याकाळी सगळे परत आले. ही गोष्ट त्यांना कोण सांगणार?

मित्रांनो, उघडं ठेवून चार पिल्लं गेली आणि बंद ठेवून एक गेलं. आजोबांचंही खरं होतं, नातीचंही खरं होतं. दोघांचाही जीव सरकीत होता. दार बंद करणं सोपं आहे, दार बांधून ठेवणं तर त्याहून सोपं. दोन्हींनंतर माणूस आपल्या कामाला निघून जातो. मांजर आत ठेवायची तर ती आत काय करते ते रोज पाहावं लागतं. बाहेर सोडायची तर तिच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. हे पाहणं आणि उभं राहणं लोखंडाला जमत नाही हो. त्याला माणूसच लागतो.

अशा कहाणीच्या शेवटी दोन शब्द बोधाचे सांगायचे असतात. मी ते कालपासून जुळवत होतो, तुम्हाला नीट सांगणारही होतो. पण आत्ता दुपार आहे, घरात कोणी नाही, अपेक्षाची शाळा सुटायला दीड तास आहे, आणि तांबडं कुत्रं पायरीशी आलं आहे. आज ते एकटं नाही. खाटेखाली सरकी उठून उभी राहिली आहे.

बोध मग सांगतो. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल तर आधी धावत या आणि ही सुतळी सोडा.