पत्र्याखालची झोळी

पेपर वाटून अर्धा तास झाला नव्हता, तोवर रूपाली चौथ्यांदा खिडकीशी जाऊन आली. कागलच्या अंगाला आभाळ जांभळं पडत चाललं होतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची तेहतीस पोरं माना खाली घालून लिहीत होती, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची सोडून कांबळे मॅडम ढगावर पहारा करत होत्या.

वर्ग दगडी इमारतीतला, वर स्लॅब. इथं भीती नव्हती. भीती होती ती फाटकाजवळ. तिथं वॉचमन पिराजीच्या पत्र्याच्या खोलीत तिची अकरा महिन्यांची मितू झोळीत निजली होती. ती झोळी छताच्या लोखंडी पाइपला रूपालीनंच बांधली होती.

मितूला पिराजीची बायको तानूबाई सांभाळायची. मांडीवर झुलवून तिचे गुडघे धरायचे, म्हणून रूपालीनं मंगळवार पेठेतल्या घरून जुनी साडी आणली, स्टुलावर चढली आणि अशी गाठ मारली, की तानूबाई म्हणाली, "ताई, पत्रा उडंल एकवेळ, पण ही गाठ सुटायची न्हाय." दोघी हसल्या होत्या.

ते हसू आज पेपरआधी स्टाफरूममध्ये आटलं. कुणीतरी सांगत होतं, गारगोटीकडच्या एका वस्तीवर वाऱ्यानं पत्रे पाइपासकट उचलले आणि पाइपाला बांधलेली झोळीही बरोबर गेली. पोर उसात पडलं म्हणून वाचलं म्हणे. खरं की खोटं, देव जाणे. रूपाली चहा तसाच ठेवून फाटकाकडं धावली.

"निजल्यालं पोर उठवाया आलाय व्हय?" तानूबाईनं तिला दारातच अडवलं. "जावा, तुमची घंटा हुईल."

एरवी रूपालीनं ऐकलं नसतं. पण आठवडाभर तिचा स्वतःच्या घाईवरचा विश्वास उडाला होता.

गेल्या मंगळवारीही असंच आभाळ आलं होतं. साडेपाचला तिनंच घोशा लावला, "द्या पेपर, निघा, वळीव यायच्या आत घरं गाठा!" धैर्यशील शेवटची पुरवणी बांधत होता. "दोन मिनिटं की मॅडम." "नको, नीघ आता." तो निघाला, आणि पुढच्याच वळणावर गुलमोहर त्याच्या मोटरसायकलवर कोसळला. तो जागीच गेला. ज्यांनी मॅडमचं ऐकलं नाही, व्हरांड्यात चकाट्या पिटत थांबली, ती पोरं धडधाकट घरी गेली.

तिला कुणी बोल लावला नाही. तेच जास्त टोचायचं. आज धैर्यशीलच्या बाकावर खडूनं घातलेला नंबर तसाच होता. गैरहजरांच्या तक्त्यात तो तिनंच लिहिला. त्या दिवसापासून कॉलेजचा नूरच पालटला होता. व्हरांड्यात ग्रंथालयाची भिजलेली पुस्तकं पसरलेली, आणि साधं दार आपटलं तरी अख्खा वर्ग दचके. वर्गातल्या तेजस्वीच्या घरावरचे पत्रे त्याच वादळात गेलेले. वह्यांचा लगदा झाला म्हणून बिचारी मैत्रिणीच्या नोट्सवर पेपर देत होती.

शिपाई सयाजीमामा पाण्याची बादली घेऊन आले. रूपालीनं त्यांना दाराशीच गाठलं.

"मामा, तेवढं फाटकावर जाऊन या. तानूबाईंना म्हणावं, मितूला झोळीतनं काढा आणि इकडं दगडी इमारतीत घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, तुम्ही हवामान खात्यात का न्हाय लागला?"

"मामा, पाया पडते तुमच्या."

"आगागा, तसलं बोलू नका. हा निघालो बघा." बादली हातात तशीच घेऊन ते गेले.

मामा गेले आणि दहा मिनिटांत वारा आला. आधी धूळ, मग पाचोळा. खिडक्या धाडधाड आपटल्या, दिवे गेले आणि गारांचा मारा सुरू झाला. कुठंतरी पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. पोरांची पेनं थांबली. ना मामा परत आले, ना तानूबाई. फोन तर खाली कार्यालयात जमा.

"मॅडम," तेजस्वी उभी राहिली, "तुम्ही जावा. आम्ही कोण कॉपी करत न्हाय."

"करील त्याला आम्ही बघतो," मागच्या बाकावरून राजवीर म्हणाला.

चालू पेपरात वर्ग सोडणं म्हणजे नोकरीवर पाणी. रूपाली जिना उतरलीसुद्धा. खालून परीक्षाप्रमुख अमरसिंह सरांचा आवाज आला, "कांबळे मॅडम! वर्ग सोडून कुठं?" ती थांबली नाही.

गारा डोक्यात, पाठीत बसत होत्या. फाटकाची खोली दिसली. पत्रा खडखडत होता, पण जागचा हलला नव्हता. आत सगळं कोरडं. पिराजी दाराला पाठ लावून उभा, आणि झोळी रिकामी.

"मितू?"

"मघाच गेली की तानू तिला घेऊन. मामा सांगावा घेऊन आलं, तशी निघालीच."

जिथं काही झालं नाही, तिथून पोरीला रूपालीनंच काढलं होतं आणि उघड्यावर धाडलं होतं. मोठ्या वाटेवर कुणी भेटलं नव्हतं. म्हणजे निलगिरीतली जवळची वाट धरली असणार. ती तिकडं पळाली. वाटेत एक फांदी आडवी पडलेली. तिनं ती उलथून पाहिली, खाली कुणी नव्हतं. पुढं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तानूबाई गुडघ्यांत वाकून बसली होती आणि सयाजीमामा बादली उपडी करून तिच्या डोक्यावर धरून उभे होते. बादलीवर गारा टणाटण वाजत होत्या. तानूबाईच्या कानामागून रक्ताची धार आली होती, आणि तिच्या पोटाशी मितू घसा फोडून रडत होती.

ते रडणं ऐकून रूपाली खालीच बसली.

"खोलीत निवांत हुतो," तानूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, दम लागला होता. "तुम्ही बोलवलं म्हणून निघालो."

रूपालीनं मितूला घेतलं आणि दुसऱ्या हातानं आपला पदर तानूबाईच्या कानामागं दाबून धरला.

गारा जरा उणावल्यावर चौघं इमारतीत आली. तानूबाईला मलमपट्टीला बसवून रूपाली वर गेली, तर वर्गावर अमरसिंह सर स्वतः उभे. "खुलासा लिहून द्या उद्या," ते म्हणाले. मग कडेवरच्या मितूकडं पाहून आवाज उतरवला, "आणि पोरीचं डोकं पुसा आधी."

साडेपाचला पेपर गोळा झाले. गारा थांबल्या होत्या, ऊनही पडलं होतं, पण कागलच्या अंगाला दुसरा ढग चढत होता. पोरं फोन घेऊन वर परत आली आणि टेबलाभोवती जमली.

"मॅडम, निघू का थांबू?" राजवीरनं विचारलं.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. 'निघा' म्हटलं तर गुलमोहर, 'थांबा' म्हटलं तर हाच ढग अंधारात वाटेवर गाठायचा.

"मला नाही कळत रे," ती म्हणाली. "खरंच नाही कळत."

मग तेजस्वीनं सॅक बाकावर टाकली.

"मग असं करूया. ज्यानं त्यानं आपल्या वाटंवरच्या गावात फोन लावायचा. आभाळ कसं हाय, झाड पडलंय का, सगळं इचारायचं. वाट मोकळी हाय म्हटल्याबिगर कोण हलायचं न्हाय."

आणि एकदम तेहतीस फोन लागले. "आई, तिकडं पडतोय का?" "आबा, पुलाचं राहू दे, झाडाचं सांग." "थांबतोय की, थांबतोय, ओरडू नको." त्या गलक्यात मितू रडायची थांबली आणि टकामका एकेकाच्या तोंडाकडं बघू लागली. रूपालीनं खडू घेतला आणि फळ्यावर एकेका गावाचं नाव लिहायला घेतलं.