दहाव्याला माईक

पळसदरीच्या धरणाकाठी सखाचा दहावा होता. स्वप्नीलनं बापाचा पिंड ठेवला, हात जोडले, आणि सगळा गाव कावळ्याची वाट बघत लांब सरकून बसला. विमलबाईचा जीव त्या पिंडाशी लागलेला. नवऱ्याचा आत्मा अडकून राहायला नको, एवढंच तिचं मागणं.

आणि वाल्मिकनं माईक घेतला.

अगं बाई गं! याला बोलावलं कोणी? भावकीला वाटलं, भटजींनी सांगितलं असेल. भटजींना वाटलं, घरच्यांनी. कोणी निवडला नाही, कोणी नेमला नाही, तरी हा मेला पांढरेशुभ्र कपडे घालून प्रत्येक दहाव्याला 'समाजसेवक' म्हणून हजर. सखा चार महिने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा उंबऱ्याला पाय लावला नाही. आता म्हणे, "मी दादांचा मानसपुत्र!"

भोंगा कर्कश वाजला तसे आंब्यावरचे कावळे उडाले. ऊन चढलं, पिंडावर माश्या बसल्या, कावळा काही फिरकेना.

अशा वेळी घरच्यांनी मयताला शब्द द्यायचा, ही रीत. स्वप्नील म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." तरी नाही. तेवढ्यात वाल्मिक माईकसकट पुढं घुसला. "दादांचा जीव गावच्या पाण्यात अडकलाय! टाकीची चावी आजपासून मी सांभाळतो!"

गावकीनं हात वर करून सखाला दिलेली चावी ती. अठरा वर्षं त्यानं आधी गावाला पाणी सोडलं, फार्महाऊसवाल्यांना नाही. आणि हा त्यांच्याच गाड्यांतून मिरवणारा, मेल्या माणसाच्या पिंडावर हात मारतोय. शी! मागं दोघातिघांनी माना डोलावल्या. आता कावळा शिवला, तर सखानंच याला चावी दिली म्हणायला गाव मोकळा होणार. इतका वेळ कावळ्याला आळवणारी विमलबाई मनात म्हणाली, नको रं बाबा, आता येऊ नको.

ती उठली. भोंग्याची वायर हिसकून काढली.

"आवं, ऐकताय ना? चावी माझ्या कनवटीला हाय. गावकी बसंल, हात वर करंल, त्यालाच देईन. या मेल्याला नाय!"

भोंगा बंद पडला तसे कावळे आंब्यावर परतले. मग आंब्यावरून एक कावळा उतरला, आणि भाताचा घास उचलून गेला.

"पाहिलंत? दादांनी..." वाल्मिक बंद माईकमध्ये बोलतच होता. विमलबाई त्याच्या पायाशी पचकन थुंकली. वायर तिनं हातातून सोडली नाही.