बारा पुड्या मीठ

ओट्यावर कागदाच्या बारा पुड्या होत्या. प्रत्येकीत तीन ग्रॅम मीठ, काट्यावर तोललेलं. बाबांच्या एका दिवसाच्या जेवणाला एक पुडी. शेजारी साखरेचा डबा, आत तीनशे दहा ग्रॅम, आणि बाहेरून साखरेच्या पातळीवर मी पेनाने मारलेली रेघ. खारी बिस्किटं शून्य. सॉसची बाटली शून्य.

बाबांच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस होते. ते घड्याळं दुरुस्त करतात. मोतीबिंदू इतका पिकला होता की बारीक स्क्रू ते बोटांनी चाचपडत शोधत. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या सकाळी रक्तदाबाचा वरचा आकडा एकशेसाठच्या आत हवा. नाहीतर तारीख चार महिने पुढे.

पाचव्या दिवशी एकशे बहात्तर. सहाव्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तर. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, साखर रेघेवरच. सकाळी एकदा मोजायचं, ते मी दिवसातून पाचदा मोजू लागले. पट्ट्यात हवा भरताना बाबांनी विचारलं, "पट्टा फुगवतेस की मला?" मला हसू आलं नाही. मीठ कुठून तरी आत जात होतं, याखेरीज डोक्यात काही शिरत नव्हतं.

सातव्या दिवशी ते आंघोळीला गेले आणि मी त्यांच्या कामाच्या टेबलाचे खण उपसले. ते बाहेर आले तेव्हा माझा हात तिसऱ्या खणात होता.

"झडती चाललीय होय? चालू दे. खालच्या खणात स्प्रिंगा आहेत, मोजून परत ठेव."

दुपारी ते जेवले नाहीत. आईने मला फैलावर घेतलं: माणूस आठवडाभर तोंड वाकडं न करता अळणी गिळतोय आणि तू त्याला चोर ठरवतेस.

संध्याकाळी मी उगाच तिच्या मागेमागे स्वयंपाकघरात घुटमळत होते. बाबांच्या छोट्या पातेल्यात घेवड्याचे दाणे शिजत होते. आईने फडताळातून डबी काढली आणि अर्धा चमचा पांढरी पूड आत टाकली.

"हे काय घातलंस?"

"खायचा सोडा. त्यांना कवळीने कडक दाणा चाववतो का? रोजच घालते. मीठ तुझ्या पुडीतलंच, वर चिमूटभरही नाही."

मी रसायनशास्त्र शिकलेली. मीठ कणाकणाने तोललं आणि सोडियम मोजायचंच राहिलं. अर्धा चमचा सोडा अडीच ग्रॅम भरला. दोन वेळचा पाच. म्हणजे साडेतीन ग्रॅम मिठाइतकं सोडियम, पुडीपेक्षा जास्त.

आई डबी हातात धरून उभी राहिली. "म्हणजे मीच वाढवत होते?"

"तू नाही. मी तुला एकदाही विचारलं नाही."

बाबांना मी टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, हातातलं घड्याळ उलटं केलं आणि म्हणाले, "आधी तिला जेवायला घाल. सकाळपासून तिनेही काही खाल्लेलं नाही."

आठव्या दिवसापासून दाणे रात्रभर भिजले, दुप्पट वेळ शिजले, मग आई ते चमच्याने ठेचू लागली. एकशे एकाहत्तर. एकशे अडुसष्ट. पुन्हा एकशे अडुसष्ट. एकशे त्रेसष्ट.

बाराव्या सकाळी घरून निघताना बाबांनी मला पट्टा बांधू दिला नाही. दवाखान्यात ते बाकावर बसले, मी तीनदा उठून खिडकीपर्यंत गेले. मग नर्सने त्यांना आत बोलावलं, बाही वर सरकवायला लावली आणि कागदावर लिहिलं: वरचा एकशे अठ्ठावन्न, खालचा नव्वद.